आईच्या नावानं दिलेला अडॅप्टर

माझा दीर तोदेर सोरोकाच्या बसस्थानकामागे विजेच्या गाड्यांचं सामान विकतो. जिल्ह्यात असं दुकान त्याचं एकट्याचंच, म्हणून मला त्याचं तोंड बघावं लागलं. नाहीतर माझा नवरा इलारियोन गेला तेव्हा सख्ख्या भावाच्या मातीलाही जो आला नाही, त्याच्या दारात मी कशाला पाय ठेवला असता?

गाडी इलारियोननं घेतलेली, चिनी. तिचं चार्जिंगचं सॉकेट चिनी आणि रस्त्यावरच्या चार्जरांचा प्लग युरोपी. मध्ये अडॅप्टर लावल्याशिवाय दोघांचं जमत नाही, आणि आमचा अडॅप्टर ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासांत वितळला. घरी गाडीबरोबर आलेली वायर रात्रभर लावून गाडी भरते, पण तेवढ्यावर राजधानीला, किशिनाऊला नुसतं जाता येतं, परत येता येत नाही. माझं पोट तर त्याच फेऱ्यांवर आहे. गावातल्या आजारी बायकांना कॅन्सरच्या इस्पितळात न्यायचं, उपचार होईपर्यंत थांबायचं, घरी आणून सोडायचं. शेजारच्या अगाफिया मावशीला बसमध्ये बसवत नाही. तिची पुढची किमो ईस्टर उलटल्यावर दुसऱ्या आठवड्यात होती.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तोदेरनं काउंटरवर दोन अडॅप्टर ठेवले, एक हलका, एक जड.

"हलक्याला प्लग घट्ट धरणारं कुलूप नाही आणि तापला तर आपोआप बंद पडायची सोय नाही," तो म्हणाला. "तुझा वितळला तो याच जातीचा असणार. पुढच्या वेळी गाडीचं सॉकेटही घेऊन जाईल. जडात सगळं आहे. माझ्या गाडीला मी हाच लावतो."

"मग जड द्या."

"देतो की वहिनी. आधी या दोघांसमोर म्हण, इलारियोननं धाकट्या भावाचं घर लाटलं."

आमच्याकडे आईबापांचं घर धाकट्याला जातं आणि त्यानं त्यांना शेवटपर्यंत सांभाळायचं असतं. तोदेर धाकटा. पण हा इटलीत भिंती रंगवत बसला आणि सासूबाईंचं हगणंमुतणं काढलं मी. मग त्यांनी घर इलारियोनच्या नावावर केलं. तोदेरला विचारलं नाही, हे खरं आहे. विचारायला तो फोन उचलायचा कुठे?

"एक वाक्य वहिनी. जीभ झिजेल का?"

"भावोजी, तुमच्या दुकानाला आग लागो," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

किशिनाऊच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला माल सीमेवर अडकलाय, उन्हाळ्यात विचारा. अगाफिया मावशी रोज कुंपणापाशी येऊन गाडीकडे बघून जायची. त्या बघण्यानं माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा वाटलं, जावं आणि म्हणून टाकावं ते वाक्य. मेलेला माणूस थोडाच ऐकतोय? पण ते माझ्या तोंडून निघालंच नसतं.

ईस्टरच्या पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे आपापल्या मेलेल्यांकडे जातो. कबरीपाशी टेबल मांडायचं, घरची वाइन, लाल अंडी. येईल त्याला मृताच्या नावानं काहीतरी द्यायचं, टॉवेल, कप, कोलाकचा पाव, आणि वर पेटती मेणबत्ती. घेणाऱ्यानं म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. हे दान कुणी नाकारत नाही. नाकारणारा मेलेल्याच्या तोंडचा घास काढतो असं मानतात.

सासूबाई आणि इलारियोन एकाच कुंपणात आहेत. त्यामुळे तोदेरलाही तिथेच यावं लागलं, आमच्याकडे पाठ करून. दुकानातली गोष्ट तोवर गावभर झाली होती आणि लोक त्याला जाता येता टोचत होते. पाद्री आमच्या रांगेत प्रार्थना म्हणून पुढे गेले, तसा तो वळला. हातात नवा टॉवेल, टॉवेलवर अडॅप्टर, त्यावर मेणबत्ती.

"घे वहिनी, आईच्या नावानं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "लोक म्हणतात तोदेर कद्रू आहे."

आजूबाजूच्या टेबलांवरच्या बायका भारावल्या. मी हात पुढे केले आणि वजनावरूनच कळलं. हलका होता.

"देव त्यांना क्षमा करो," मी म्हणाले. म्हणावंच लागतं. हा मेला आईच्या कबरीवर मला जाळायला निघाला होता आणि वर पुण्य कमावत होता. मी तशीच इलारियोनच्या कबरीकडे गेले, टॉवेलवर त्याच्याच अडॅप्टरशेजारी आमचा एक कोलाक ठेवला आणि परत त्याच्यासमोर आले.

"घ्या भावोजी. इलारियोनच्या नावानं."

त्याचे हात खिशातच राहिले.

"घे की रे," अगाफिया मावशी म्हणाली. "तुझी गाडीही चिनीच ना?"

"मला नको."

"मेलेल्याचं नको म्हणतोस?"

"माझ्या गाडीला हा नाही चालायचा."

"मग हिच्या गाडीला कसा चालेल? मी बसते तिच्यात."

बायकांनी खाणं थांबवलं. "आईच्या नावानं खराब माल दिलास होय," मावशी हळूच म्हणाली. तोदेरचे कान लाल झाले. तो फाटकापाशी उभ्या केलेल्या स्वतःच्या गाडीकडे गेला, डिकी उघडली आणि वापरातला जड अडॅप्टर आणून आमच्या टेबलावर आपटला. वाइनचा पेला कलंडला.

"ने. आणि पुन्हा दारात येऊ नकोस."

"दुकानात विकत मागत होते तेव्हा दिला नाहीत," मी म्हणाले. "आता कबरीवर आणलाय. रीतीनं द्या."

"आईच्या नावानं."

"आईचं मघाशी देऊन झालं. आता भावाचं नाव घ्या."

मला वाटलं हा निघून जाईल. सगळे बघत होते आणि आई तिथे मातीखाली होती, म्हणून तो गेला नसावा. त्यानं मेणबत्ती उचलली, काडी दोनदा विझली. जबडा आवळून तो म्हणाला, "इलारियोनच्या नावानं." भाऊ गेल्यापासून हे नाव त्यानं माझ्यासमोर पहिल्यांदाच घेतलं होतं.

"देव त्याला क्षमा करो," मी म्हणाले.

"देवानं करावी," तोदेर म्हणाला. "मी नाही करणार."

मग तो आईच्या कबरीपाशी जाऊन खाली बसला आणि सगळ्यांसमोर रडला. मी अडॅप्टर पिशवीत घातला आणि मावशीला म्हणाले, उद्या सकाळी तयार राहा.