मास्तरांचा उजवा खांदा

या, जवळ सरकून बसा. एका कात्रीची गोष्ट सांगतो. ऐकाल तर घरी जाताना मन हलकं होईल.

शिंपीमास्तरांच्या दुकानात चार जण शिवायला, पण कापड बेतायचं ते मास्तरांनीच. तीस वर्षांत त्यांच्या कात्रीला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. त्यांनी बेतलेलं चूक असेल, हे तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग ती महामारी आली आणि दुकानाला कुलूप लागलं. मास्तर एकटे राहायचे, त्यात दम्याचे; डॉक्टरांनी उंबरठा ओलांडायला मनाई केली. पण हातपाय गाळून बसतील तर ते मास्तर कसले! मशिनं चौघांच्या घरी पोचवली, तागे स्वतःच्या खोलीत रचले आणि बेतलेले गठ्ठे खिडकीतून टोपलीनं खाली सोडू लागले. इस्पितळाच्या कामगारांचे साठ सदरे शिवायचे होते. हे काम हातचं गेलं, की दुकान कायमचं मिटणार होतं.

नमुन्याचे दहा सदरे गेले तसे परत आले. उजवा खांदा आवळतो, इस्पितळवाले म्हणाले. आठवड्यात सुधारा, नाहीतर राहू द्या.

खिडकीखाली काजंबटणं करणाऱ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. दुकानातल्या सगळ्यांत जुन्या त्याच.

"मास्तर, माप कुणाचं घेतलंत?"

"घरात दुसरं आहे कोण? माझंच."

"तरीच. कात्री चालवून चालवून तुमचा उजवा खांदा उतरलाय. आता साठ माणसांना तसंच चालायला लावणार?"

मास्तरांनी आरशात पाहिलं. खांदा खरंच उतरला होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिलाच सदरा हातात घेतला तेव्हा."

"मग तोंडाला काय शिवण घातली होती?"

"तीस वर्षांपूर्वी तुम्हीच घातलीत की," बाई शांतपणे म्हणाल्या.

मास्तर खिडकीतून आत वळले. त्या घावापेक्षा दमा बरा, असं त्यांना वाटलं. देवानं चार जणांना डोळे दिले होते, आणि आपण एकट्याच्याच डोळ्यांनी दुकान चालवलं.

टोपली खाली आली. तिच्यात कात्री होती.

बाई दोन पावलं मागे सरल्या. "ही कशाला?"

"आजपासून तुम्ही बेता. पहिला सदरा चौघांनी अंगात घालून बघायचा. एकालाही खटकलं तर काम थांबवायचं."

"आणि मलाच कुणी चूक म्हणालं तर?"

"ऐकायचं. जड जातं. मी आत्ताच करून पाहिलंय."

साठही सदरे पसंत पडले आणि पाठोपाठ पुढचं कामही आलं. त्या दिवशी टोपलीतून वर एक सदरा आला, एकसष्टावा. त्याचा उजवा खांदा मुद्दाम उतरता बेतला होता. मास्तरांनी तो चढवला. इतका नीट बसणारा सदरा त्यांनी स्वतःसाठी कधीच शिवला नव्हता.

तेव्हा बाबांनो, कधी एखादा कपडा तुमच्या खांद्यावर अलगद बसला, तर त्या काजंबटणंवाल्या बाईंची आठवण काढा.