तळहातावरचा मुळा

मीठ हा मानवजातीचा सर्वांत जुना शत्रू आहे, असे किनुएबाईंनी गावच्या सभागृहात ठणकावून सांगितले. मग घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी चहा मागवला आणि चहाबरोबर खारवलेल्या मुळ्याच्या दोन फोडी खाल्ल्या. चहाबरोबर मुळा नाही, तर मग चहा तरी कशाला?

गाव जपानमधल्या आकिताच्या डोंगरातले, एकतीस उंबऱ्यांचे. चार महिने बर्फ. त्या चार महिन्यांसाठी घरोघरी पिंपभर लोणचे. रक्तदाबाचा वरचा आकडा ही तर मिरवायची गोष्ट. "आमचे हे एकशे सत्तर!" असे सांगताना बायकांचा ऊर भरून येई.

खुद्द किनुएबाईंचा आकडा एकशे बावन्न. डॉक्टर कोदामा म्हणाले, "गोळी सुरू करू या."

"गोळ्या म्हातारे घेतात," अडुसष्ट वर्षांच्या किनुएबाई म्हणाल्या. "तीन महिने द्या. आकडा एकशे चाळीसच्या आत आला नाही, तर घेईन गोळी. सगळ्यांसमोर!"

"सगळ्यांसमोर कशाला? पाण्याबरोबर घेतली तरी चालते."

पण शब्द गेला होता. आता माघार म्हणजे गावात तोंड दाखवायची पंचाईत.

दुसऱ्याच दिवशी त्या मीठ मोजायची कांडी घेऊन निघाल्या. घरात शिरायचे, मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सारात कांडी बुडवायची, आकडा वाचायचा, झाडायचे आणि लोणचेही सोडायला सांगायचे.

"तोमेयो, हे सार आहे की समुद्र?"

"वहिनी, आमच्या सासूबाईंच्या हातचं प्रमाण आहे ते."

"सासूबाई कशानं गेल्या?"

"मेंदूत रक्तस्राव होऊन."

"मग?"

तोमेयोने सारात पाणी ओतले. किनुएबाई निघाल्या, तशी ती म्हणाली, "चहा न घेता जाता की काय? हात करा पुढे."

पाहुण्याच्या उघड्या तळहातावर लोणच्याची फोड ठेवायची, ही तिथली रीत. बशीतली फोड बशीत राहू शकते. तळहातावरची तोंडातच जाते. किनुएबाईंनी ती खाल्ली. रोज सात-आठ घरे, दर घरी दोन-तीन फोडी. त्यांची मोजणी फक्त साराची होती.

तीन महिन्यांनी सभागृहात सगळ्यांचा रक्तदाब मोजला गेला. तोमेयोचा नवरा एकशे सत्तरवरून एकशे अठ्ठेचाळीसवर उतरला होता. तो जरा खट्टू दिसला. बहुतेक घरांत आकडे खाली आले होते. टाळ्या पडल्या. मग किनुएबाईंनी बाही वर केली.

एकशे चौसष्ट.

"यंत्र बिघडलंय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांना पाच मिनिटे स्वस्थ बसवले आणि पुन्हा मोजले. एकशे त्रेसष्ट.

"काकू, खाता काय तुम्ही?"

"अळणी! एक वेळचं सार, वाफवलेली भाजी, रोज तासभर चालणं."

सभागृहात चुळबूळ झाली. शेवटी तोमेयो उठली. "डॉक्टर, वहिनींनी लोणचं सोडा म्हटलं, आम्ही सोडलं. पण पिंपं भरलेली. फेकवत नाही हो! मग वहिनी आल्या की..."

"तुम्हीपण?" मागून कोणीतरी विचारले.

"म्हणजे तुमच्याकडेही?"

एकतीस घरांनी एकमेकांकडे पाहिले. गावाचे सगळे लोणचे एकाच बाईने संपवले होते. आधी तोमेयोला हसू फुटले, मग तिच्या नवऱ्याला, मग सगळ्या सभागृहाला. किनुएबाई दोन क्षण ताठ बसल्या आणि मग डोळे पुसत इतक्या हसल्या, की डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा काढून घेतला.

"नाही म्हणायचं होतंत ना, काकू!"

"हातावर ठेवलेलं? मी काय रानटी आहे?"

"मग आता असं. लोणचं बंद, चालणं चालू आणि गोळीही. तिन्ही."

किनुएबाई उभ्या राहिल्या, गावाला वाकून नमस्कार केला आणि पहिली गोळी घेतली. लोकांनी नवरीसाठी वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून त्यांच्या तळहातावर सफरचंदाची फोड पडू लागली.

महिन्याभराने आकडा एकशे चौतीस आला. गोळीला कसलीही चव नव्हती.