शेवटच्या बाकापर्यंत

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आणि सत्तर पटींनी हट्टी. शाळेची बस मी चालवतो, मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम ती करते. अकरा वर्षं झाली. सकाळी मुलं शाळेत उतरली की मी गाडी शाळेपासून दूर, गाड्या लावायच्या आवारात नेऊन लावतो आणि मला घरी जाऊन चहा प्यायची घाई असते. पण ताई आधी शेवटच्या बाकापर्यंत चालत जाते. प्रत्येक बाकाखाली वाकून बघते. मागे पोचली की मिनिटभर तिथे बसते आणि मग परत येते. मी खाली उभा राहून किल्ली बोटात फिरवत चडफडतो.

"ताई, आरशात सगळं दिसतं मला."

"तुला आरशात तुझा भांग तेवढा दिसतो," ती म्हणते.

गेल्या आठवड्यात तिचा पाय मुरगळला. "काही दिवस एकट्याने सांभाळ. आणि मागपर्यंत चालत जायचं," तिने बजावलं. शुक्रवारपर्यंत मी गेलोही, तोंड वाकडं करून का होईना.

शनिवारी मात्र माझ्या डोक्यात साक्ष होती. चर्चच्या वर्धापनदिनाची सभा दहाला होती आणि पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, उभं राहायला सांगितलं होतं. विषय होता रोजच्या कामातला विश्वासूपणा. अकरा वर्षांत एक अपघात नाही, एक दिवस उशीर नाही, म्हणून हा मान माझा. ताईला कोणी विचारलं नव्हतं आणि खरं सांगतो, मलाही ते खटकलं नव्हतं. गाडी लावताना मी मोठमोठ्याने सराव करत होतो. "प्रभूने सोपवलेलं कुठलंच काम लहान नसतं," हे वाक्य मला इतकं झकास जमलं की मी ते तीनदा म्हटलं. त्याच भरात काचा लावल्या, कुलूप घातलं आणि निघालो.

सभेत सुरुवात छान झाली. लोक माना डोलावत होते. मीही रंगात आलो होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका आजींचा चष्मा खाली पडला आणि शेजारचा माणूस बाकाखाली वाकून शोधू लागला. त्याची वाकलेली पाठ पाहिली आणि माझं वाक्य तोंडातच राहिलं. मी आज वाकलो नव्हतो.

आमच्या गाडीत पहिलीतली एक चिमुरडी आहे. गाडी सुरू झाली की ती झोपते, म्हणून सगळे तिला डुलकी म्हणतात. ती चढताना मी पाहिली होती. उतरताना पाहिली होती का? काही केल्या आठवेना. शाळेला वाटणार, आज आली नाही. घरच्यांना वाटणार, शाळेत आहे. बाहेर कडक ऊन होतं आणि गाडी बंद करून दोन तास होऊन गेले होते.

"माफ करा," एवढंच म्हणालो आणि पोटाजवळच्या खिशातली किल्ली दाबून धरत पळत सुटलो.

बावन्नाव्या वर्षी मी कधी असा पळेन असं वाटलं नव्हतं. पळता पळता शाळेत फोन लावला, तर कोणी उचलेना. आवार दोन चौक पुढे होतं. चर्चमध्ये माझी प्रार्थना लांबलचक असते, त्या रस्त्यात मला एकच वाक्य सुचत होतं. प्रभू, मला हवी ती शिक्षा कर, पण ती गाडीत नसू दे.

दाराची कडी हाताला चटका देत होती. आत भट्टी पेटली होती. शेवटच्या बाकावर पिवळी पाण्याची बाटली पडलेली दिसली. डुलकीची. मी गुडघ्यांवर बसलो आणि रांगत रांगत एकेका बाकाखाली पाहू लागलो. पुढून मागे गेलो, मागून पुढे आलो. कोणी नव्हतं. तरी माझा विश्वास बसेना.

तेवढ्यात शाळेतून फोन आला. "थांबा, बघून येते," कारकूनबाई म्हणाल्या. ती दोन मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

"आहे की वर्गात. डबा खातेय. बाटली हरवली म्हणून बाईंच्या मागे भुणभुण लावलीय."

माझा जीव भांड्यात पडला. शेवटच्या बाकावर बसून मी लहान मुलासारखा रडलो. डोळे पुसून समोर पाहिलं तर माझा तो सगळं दाखवणारा आरसा दिसला. त्यात गाडीचं छत होतं आणि दोन बाकांच्या पाठी. मी बसलो होतो ती जागा त्यात नव्हतीच.

बाटली शाळेत पोचती करून ताईकडे गेलो. ती पाय उशीवर ठेवून बसली होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आता कान उपटणार, या तयारीने मी उभा होतो. तिने पाय सरकवून मला बसायला जागा केली. मग मीच विचारलं, "अकरा वर्षांत तुला कधी कोणी सापडलं?"

"एकदाही नाही."

"मग कंटाळा कसा येत नाही?"

"आज गाडी रिकामी आहे म्हटल्यावर तुला कसं वाटलं?"

"रडलो मी, ताई. इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं."

"मला रोज वाटतं," ती म्हणाली. "म्हणून तर मागे मिनिटभर बसते. प्रभूचे आभार मानते आणि येते. तुला वाटायचं, पाय दुखतात म्हणून बसते."

तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला. "काय हो, पोट धरून पळालात, आता कसं आहे? सगळे काळजीत आहेत."

सुटायला वाट आयती मिळाली होती. हो म्हटलं असतं, तर अकरा वर्षांचा लौकिक जागच्या जागी राहिला असता. ताई माझ्याकडे बघत होती.

"पोटाला काही झालेलं नाही, पाळकसाहेब," मी म्हणालो, आणि त्यांनाही सगळं सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साक्ष अर्धी राहिली तुमची. पुढच्या रविवारी पुरी करा."

"मला नका बोलावू. ताईला बोलवा. पाय बरा झाला की."

"मी नाही हं बोलणार चारचौघांत," ताई मागून म्हणाली, पण तिचा चेहरा खुलला होता.

सोमवारी मुलं उतरली. मी गाडी लावली आणि किल्ली खिशात ठेवली. बाकांखाली वाकत वाकत मागे गेलो. कोणी नव्हतं. मी शेवटच्या बाकावर बसलो आणि चहाची मला अजिबात घाई नव्हती.