आपले कॉलेज

वेंडेल कुबियाकनं छातीवर लावायचा कागदी बिल्ला टेबलावर ठेवला आणि मार्करचं टोपण दातांनी उपसलं. बिल्ल्यावर तीन ओळी होत्या. पहिलीत त्यानं आपलं नाव लिहिलं, दुसरीत मुलीचं, मारिस. तिसऱ्या ओळीवर छापलं होतं, ‘आपले कॉलेज’. तिथे त्यानं जराही न अडखळता लिहिलं, कोल्टर काउंटी कम्युनिटी कॉलेज. बिल्ला शर्टावर चिकटवला, वरून दोनदा थापटला आणि मुलीला घेऊन तो जेवणाच्या रांगेत उभा राहिला.

आता यात त्याचं काय चुकलं, सांगा. बावीस वर्षं तो कोल्टरचे बॉयलर सांभाळत होता. जानेवारीत बाहेर कमरेइतकं बर्फ असताना पोरं वर्गात नुसत्या शर्टावर बसायची, ती याच्या जिवावर. आपलं कॉलेज म्हटल्यावर त्याला दुसरं काय सुचणार? पण हे ऑल्डरिज कॉलेज होतं, खाजगी, दीडशे वर्षांचं. तिथे प्रवेश मिळालेल्या मुलांचे आईबाप त्या दिवशी पाहायला आले होते आणि तिसऱ्या ओळीवर प्रत्येकानं स्वतः शिकलेल्या कॉलेजचं नाव लिहिलं होतं.

समोर बसलेल्या बाईंनी त्याचा बिल्ला वाचला.

“कोल्टर काउंटी! किती वर्षं होता तुम्ही तिथे?”

“बावीस,” वेंडेल म्हणाला. “अजून तिथेच आहे.”

“बावीस?” बाईंच्या नवऱ्यानं काटा खाली ठेवला. “कोर्स दोन वर्षांचा ना हो? मग पास कधी होणार?”

अख्खं टेबल हसलं. कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. सगळे हसले म्हणून वेंडेलही हसला. मग त्यानं शेजारी पाहिलं, तर मारिस हसत होती, मान मागे टाकून, अगदी त्या लोकांसारखी. तेव्हा कुठे त्याला विनोद कळला. मी तिथे बॉयलरवर आहे हो, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यानं बटाट्याबरोबर गिळलं.

घर चार तासांवर. पिकअप वेंडेल चालवत होता. आठवडाभर जादा पाळ्या करून वेंडेलचं अंग आंबलं होतं, डोळ्यांत माती गेल्यासारखं होत होतं. उद्या एक मे. मारिसनं उद्यापर्यंत ऑल्डरिजला हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हटलं तर शिष्यवृत्ती, वर थोडं कर्ज, आणि चार वर्षं घराबाहेर. नाही म्हटलं तर कोल्टर, घरापासून दहा मिनिटांवर, तेही फुकट, कारण बाप तिथे नोकरीला. गावातली पोरं कोल्टरला ‘तेरावी’ म्हणायची. बारावी झाली की कुणीही उठून जायचं, कुणाला नाही म्हणत नसत.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ही दोघंच. मारिस कोल्टरला आली की दुपारचा डबा बॉयलरच्या खोलीत दोघांनी मिळून खायचा, असं वेंडेलनं कधीचं ठरवून टाकलं होतं. तिच्याशी मात्र एक अक्षर बोलला नव्हता.

पेट्रोल भरून तो कॉफीचे दोन कप घेऊन आला. मारिसनं कप घेतला, पण प्यायली नाही.

“डॅड, तू सरळ सांगायचं ना, की तिथे कामाला आहेस म्हणून.”

“तू सांगायचंस.”

तिनं कप गुडघ्यांत धरला.

“मी हसायला नको होतं.”

“विनोद बरा होता गं.”

“काही बरा नव्हता. फालतू होता.” ती एकदम त्याच्याकडे वळली. “मी नाही जात तिथे. असल्या लोकांत कोण काढणार चार वर्षं! तेरावीलाच येते. थांब, आत्ताच नाही म्हणून कळवते.” तिनं फोन काढला.

हेच ऐकायला वेंडेल महिनाभर जीव टांगून बसला होता. बरं म्हणायचा अवकाश, की झालं. त्यानं कॉफीचा घोट घेतला. जीभ पोळली.

“ठेव तो फोन.”

“का? तुला हवंच होतं ना?”

“हवं होतं. अजून हवंय,” तो म्हणाला. “पण तू शिक्षा भोगायला येतेयस. कोल्टरला बाया रात्रपाळी करून येतात, पोराला आजीकडे टाकून येतात. पन्नाशीची माणसं पहिल्या बाकावर बसतात. शिक्षा म्हणून कुणी येत नाही तिथे. त्यांच्यात असलं तोंड करून बसायचं नाही.”

“मग काय, तिकडे जाऊ? मला नाही जमणार डॅड. ती माणसं आपली नाहीत.”

वेंडेलनं कप दोन्ही हातांत धरला.

“तू हसलीस ना त्यांच्याबरोबर? माझ्याआधी कळलं तुला. जमेल तुला.”

टोमणा असता तर तिनं उलट उत्तर दिलं असतं. पण तो अगदी साधं बोलत होता, एखाद्या बॉयलरबद्दल बोलावं तसं, आणि तेच तिला सोसेना. ती भडभडून रडली. त्यानं डॅशबोर्डवरचा कागदी रुमाल पुढे केला आणि समोरच्या पंपाकडे बघत बसला.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं.

“म्हणजे हो कळवू?”

“कळव.”

तिनं बोट टेकवलं. फोनच्या पडद्यावर रंगीबेरंगी कागदाचे कपटे उधळले.

“हे काय आता?”

“अभिनंदन म्हणतायत,” मारिस म्हणाली. ते थांबेपर्यंत दोघंही बघत राहिले. मग तिनं फोन पालथा घातला. “मी परत कधी तशी हसणार नाही, डॅड. शप्पथ.”

“हसशील गं,” वेंडेल म्हणाला. “चार वर्षं आहेत.”

त्यानं किल्ली फिरवली आणि गाडी रस्त्यावर घेतली.