जावई पडेना

सासूबाईंनी खेळातल्या बाहुल्याचं नाव ‘जावई’ ठेवलं होतं, आणि तो आपटला की त्या पोट धरून हसायच्या. खरा जावई, म्हणजे मी, समोरच डाव्या हाताला प्लास्टर घालून बसलेलो. राग येणार नाही तर काय!

टॅबवरचा तो खेळ म्हणजे मोकळं मैदान. हवं ते बांधा, हवं ते पाडा. त्यातली माणसं ढकलली की गुडघ्यात दुमडतात, पायऱ्यांवरून गडगडतात. वजन, उतार, घसरण सगळं खऱ्यासारखं. सासूबाईंनी तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सामान मांडून दिलं, प्रयोग मात्र दुसऱ्यांनी केले. आता त्यांना रान मोकळं मिळालं होतं.

मी रंगारी. बावीस वर्षं शिडीवर काढली. महिन्यापूर्वी एका दिवाणखान्यात भिंतीचा वरचा पट्टा रंगवताना खाली आलो. कसा, ते आठवत नाही. फरशी गुळगुळीत होती म्हणालो, तर मुकादम म्हणाला, “नाचता येईना, अंगण वाकडं! चक्कर आली असेल. आता खालीच बस, रंग कालव.” डॉक्टरांना काही सापडलं नाही, पण मलाही चक्करच खरी वाटू लागली. शिडी नुसती दिसली तरी मी तोंड फिरवायचो. आणि रंग कालवत बसणं माझ्या जिवावर आलं होतं.

“जावईबापू, बादली कुठल्या बाजूला होती?”

“उजव्या. सोडा ना आई आता.”

सोडतात कसल्या! माझं पडणं त्या खेळात पुन्हा मांडत होत्या. बाहुला शिडी चढला, वाकला, हात लांब केला. पडेना. बादली काठोकाठ भरली, तरी पडेना. न राहवून मीच त्यांच्या शेजारी सरकलो.

“काहीतरी सांगायचं राहिलंय तुमचं,” त्या म्हणाल्या. “ शिडी लावताना काय काय करता?”

“काय करणार? कागद पसरतो. शिडीच्या पायांखाली जुन्या चादरीची घडी ठेवतो, गिऱ्हाइकाच्या फरशीला ओरखडा नको म्हणून. आम्ही सगळेच...”

बोलता बोलता मला ती फरशी आठवली. पूर्वी फरश्या खडबडीत असायच्या. हल्ली सगळ्या आरशासारख्या.

सासूबाईंनी गुळगुळीत फरशी घातली, वर कापड ठेवलं. जावई चढला. पाचव्या पायरीवर त्यानं हात लांब केला, आणि शिडीचे पाय कापडासकट सटकले. तो डाव्या हातावर आपटला. या वेळी त्या हसल्या नाहीत.

“बाहुल्याला चक्कर येत नाही, जावईबापू.”

मला रडूच आलं, तेही सासूसमोर. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मीच घडी घालून वाकडं केलं होतं.

दारामागची शिडी मी एका हातानं ओढून आणली आणि घरापुढच्या उघड्या, खडबडीत ओट्यावर लावली. कापड न घालता.

“अहो, प्लास्टर तर निघू द्या!”

“दोनच पायऱ्या.”

त्यांनी टॅब खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. मी चढलो.

“चक्कर?” त्यांनी खालून विचारलं.

“नाही,” म्हणालो, आणि तिसरी चढलो.