मी, घट्ट मिटणारे कपाट

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे. निदान माझा तसा समज आहे. हल्ली सगळे मला खुराडे म्हणतात, आणि मध्यंतरी तर माझी पाठही कापून काढली. तेव्हा मी नेमका कोण, हे माझे मलाच धड सांगता येत नाही. जसे आठवते तसे सांगतो, गोंधळ वाटला तर सांभाळून घ्या.

मला घडवणाऱ्या सुताराने माझी दारे अशी बसवली होती की ती मिटल्यावर मध्ये कागदही जाऊ नये. पुढे मी एका शिंप्याच्या दुकानात गेलो. त्याला सगळे मास्तर म्हणत. शिवून तयार झालेले कपडे मास्तर माझ्यात टांगायचे आणि गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, "या कपाटात धूळ जात नाही, कसर लागत नाही. एकदा दार लावलं की काळजी मिटली." इतकी वर्षे मी हेच ऐकत आलो. घट्ट मिटून राहणे आपल्याला जमते आणि तेवढे जमले की झाले, असे मी मनाशी धरून चाललो होतो.

मग दुकानात लोखंडी कपाट आले आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. अंगावर धूळ साचली. वर एक फुटकी बादली येऊन बसली. कुणी विचारीना. तेवढ्यात मास्तरांच्या मुलीने, बेबीने, कोंबड्यांचा हट्ट धरला. शेजारी एक टपलेले मांजर होते, म्हणून घर मजबूत हवे होते. मास्तरांनी माझ्या दारांना वरच्या बाजूला जाळी बसवली, कपडे टांगायचा दांडा खाली आणला आणि चार कोंबड्या आत सोडल्या. "एकदा दार लावलं की काळजी मिटली," ते पुन्हा म्हणाले. मला केवढे बरे वाटले म्हणून सांगू.

त्या चौघींत एक तांबडी होती. ती छाती काढून चालायची, म्हणून बेबी तिला फौजदारीण म्हणायची. एक पांढरी होती, बावरी. ती बेबीच्या मांडीवर येऊन बसायची. बाकीच्या दोघी करड्या बहिणी, मला अजूनही वेगवेगळ्या ओळखू न येणाऱ्या.

काही दिवसांनी माझ्या तळाशी पांढरी पिसे दिसू लागली. मी चक्रावलो. कपडा विरतो, शिवण उसवते, हे मला ठाऊक होते. पण अंगावरची पिसे कशी काय उसवतात? मला वाटले, कसर लागली. मास्तरांनाही तेच वाटले असावे, कारण ते डांबरगोळ्या घेऊन आले. त्यांच्या बायकोने त्या हातातून काढून घेतल्या.

"अहो, कोंबड्या आहेत त्या, कोट नाहीत. खाल्ल्या एखादीने तर?"

हळूहळू बावरीची पाठ उघडी पडली आणि मग मी पाहिले. फौजदारीण तिच्या शेजारी बसायची, थोडा वेळ इकडेतिकडे बघायची आणि चोचीने एक पीस हळूच उपटायची. भांडण नाही, राग नाही. बावरी कळवळून कोपऱ्यात सरकायची. पण कोपरा असा कितीसा लांब? मला काही कळेना. मांजराला मी बाहेर ठेवले होते. मग हे आत काय चालले होते?

शिंप्याच्या घरी उघड्या पाठीवर एकच इलाज असतो. मास्तरांनी बावरीचे माप घेतले आणि तिला छानसे जाकीट शिवले. लाल कापडाचे, पाठीवर चमकणारी तीन बटणे. बेबीने टाळ्या वाजवल्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या. पण दार लागले मात्र, आणि चमकणारी बटणे बघून बाकीच्या तिघी बावरीवर तुटून पडल्या. दुपारी बेबीने दार उघडले तेव्हा बटणे गेली होती, जाकिटाच्या चिंध्या झाल्या होत्या आणि बावरीच्या पाठीतून रक्त येत होते.

बावरीला घरात नेले. बेबी रडत होती. मास्तरांचा चेहरा पडला होता.

"तांबडी देऊन टाकू," ते म्हणाले. "चिकनवाल्याला सांगतो, संध्याकाळी घेऊन जाईल. एकीसाठी दुसरी मरायला नको."

"बाबा, तिला नका ना देऊ. तीपण माझीच आहे."

"मग काय करू, बेबी? तूच सांग."

फौजदारणीला डालग्याखाली झाकून दुकानात ठेवले. दुकानाचे मागचे दार माझ्या समोरच आहे, त्यामुळे मला सगळे दिसत होते. गंमत म्हणजे तिला बाहेर काढून घटकाही झाली नसेल, तोच करड्या बहिणींपैकी एकीने दुसरीचे पीस उपटले. गुन्हेगार तर डालग्याखाली होती. माझे डोके पार फिरले.

तिकडे बेबीने निरोप घ्यायला म्हणून डालगे उचलले. फौजदारीण बाहेर आली आणि शिलाई मशीनखालच्या कातरणांच्या ढिगात शिरली. पायाने उकरायची, एक चिंधी उचलून झटकायची, टाकायची, पुन्हा उकरायची. बेबीची वेणी तिच्या चोचीपुढे लोंबत होती, पण तिने तिकडे ढुंकूनही पाहिले नाही.

"आई, बघ ना, ही कुणालाच टोचत नाहीये."

आईने आधी तिच्या चोचीतला दोरा ओढून काढला, गिळला असता तर महागात पडले असते. मग तिने कोंबडीकडे पाहिले आणि नंतर नवऱ्याकडे.

"अहो, काम नसतं त्या दिवशी तुम्ही काय करता?"

"काय करतो?"

"बसल्या बसल्या स्वतःच्या बाहीचे दोरे उपसता. बघा, आत्तासुद्धा."

मास्तरांनी खाली पाहिले. त्यांच्या बाहीची शिवण खरेच उसवलेली होती आणि एक दोरा त्यांच्या बोटातच होता.

"दिवसभर त्या कपाटात चौघी," ती म्हणाली. "उकरायला माती नाही, चघळायला पाला नाही. समोर एकमेकींची पिसं तेवढी."

मास्तर अंगणात आले, माझ्या मागे डोकावले. माझी पाठ आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये चांगली लांबलचक मोकळी पट्टी होती, पालापाचोळ्याने भरलेली. इतके दिवस मी तिच्याकडे पाठ करून उभा होतो. मग त्यांनी करवत आणली. मित्रांनो, तेव्हा मी फार घाबरलो. आपले संपले, आता चुलीत, असेच मला वाटले.

अर्धी पाठ कापून झाली तोच चिकनवाला आला.

"कोंबडी कुठंय?"

"आज नाही," मास्तर म्हणाले.

"मग उद्या येऊ?"

"उद्या अंडी न्यायला या," आतून बायको म्हणाली.

पट्टीवर मांजर शिरू नये म्हणून जाळी ताणली गेली. एका खोक्यात अंग घोळायला कोरडी माती आली. दोरीला कोबीचा गड्डा टांगला. तो उड्या मारून खावा लागतो, त्यामुळे दिवसाचा बराचसा वेळ त्यातच जातो. बावरी बरी होईपर्यंत जाळीपलीकडे वेगळी राहिली, मग पुन्हा त्यांच्यात आली. तिच्या पाठीवर आता नवी पिसे फुटत आहेत. त्यांची टोके अगदी सुयांसारखी दिसतात, म्हणून मास्तर रोज पाहून जातात.

मला मात्र अजून सगळे उमगलेले नाही. ज्या घट्टपणाचे माझे आयुष्यभर कौतुक झाले, त्यानेच बावरीची पाठ उघडी पडली की काय? कपड्यांना जे मानवले ते कोंबड्यांना का मानवू नये? विचार करून माझी लाकडे दुखतात. मित्रांनो, तुम्ही कुणाला जपायला आत ठेवाल तेव्हा आत त्याने दिवसभर काय करायचे, एवढे आधी बघा. दार लावल्याने सगळी काळजी मिटत नाही, हे मला माझी पाठ गेल्यावर कळले.

आता मागून वारा येतो, धूळ येते, पानेही येतात. संध्याकाळी चौघी आपण होऊन आत शिरतात आणि दांड्यावर बसतात. काल फौजदारीण बावरीला खेटून बसली होती. तिने मान वळवली, चोच बावरीच्या पाठीशी नेली, आणि मी जिथल्या तिथे गोठलो. तिने तिथे अडकलेले एक वाळलेले पान उचलले, खाली टाकले आणि डोळे मिटले.