पडदा नसलेलं दुकान

चौसाळ्यात हायवेला लागून हबीबभाईंचं गादीचं दुकान आहे. पुढं हबीबभाई, मागं त्यांची बायको फरजाना, आणि मधी पडदा. पडदा का आहे, असं कुणी कधी विचारलं नाही. तो होता म्हणून होता. पुढं भाव ठरायचा, चहा यायचा, ओळखीपाळखी निघायच्या. मागं कापूस पिंजला जायचा, खोळी भरल्या जायच्या, आणि वीतभर दाभण घेऊन फरजाना टाके घालायची. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. गिऱ्हाईक गादीवर हात फिरवून म्हणायचं, "हबीबभाई, तुमच्या हाताला तोड न्हाई!" आणि हबीबभाई, अल्ला त्यांना बरकत देवो, मान तुकवून म्हणायचे, "दुवा हाय तुमची." पडद्यामागं फरजाना दातानं दोरा तोडायची आणि हसायची. दुसरं करणार तरी काय!

पण ती बाई होती मोठी स्वप्नाळू. दुपारी पिंजणयंत्र बंद झालं की कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत राहायचे, पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन त्यांच्यात अडकायचं, आणि सगळी खोली दुधाळ होऊन जायची. मग फरजाना नव्या गादीवर आडवी व्हायची. आपण पडून बघितल्याशिवाय गादी पुढं द्यायची नाही, हा तिचा कायदा. पाठ टेकली की डोळा लागायचा आणि डोळा लागला की ती कुठं कुठं जाऊन यायची. परळीला, हैदराबादला, एकदा तर समुद्रावर. समुद्र तिनं बघितलेला नव्हता, तरी जाऊन आली. कापूस नवा असला की सपनंही नवी पडतात, असं ती म्हणायची, आणि हबीबभाई म्हणायचे, "गादी चेपती तेवढ्यात. ऊठ."

त्यांची थोरली उज्मा बीडला कॉम्प्युटर शिकून आली आणि हट्टाला पेटली. हायवेवरच्या गाड्या आता थांबत नव्हत्या, सुसाट जायच्या. फोमच्या गाद्या गावागावांत पोचल्या होत्या. "अब्बा, आपल्या दुकानाची वेबसाइट काढू. गिऱ्हाईक हितं येत न्हाई ना, मग आपुन त्याच्या मोबाइलमधी जाऊ."

"काय काय लागतं त्याला?" हबीबभाईंनी विचारलं. एवढं विचारलं हेच खूप झालं.

उज्मानं भरलेल्या गादीवर मांडी घातली आणि समजावून सांगायला लागली. पहिलं लागतं नाव. दुकानाच्या पाटीसारखंच, पण साऱ्या दुनियेत तसं दुसरं असता कामा नये, आणि दरसाल पैसे भरून ते राखायचं, नाहीतर दुसराच कुणी उचलतो. मग लागते जागा. कुठल्यातरी लांबच्या शहरात मोठाले कॉम्प्युटर कायम चालू असतात, त्यांच्यात थोडी जागा भाड्यानं घ्यायची, की आपला माल तिथं मांडलेला राहतो. मग पानं. एक दर्शनी पान, एकावर मालाचे फोटो, एकावर आपण कोण ते, एकावर फोन आणि पत्ता. वर एक कुलूप, येणाऱ्याची माहिती कुणी चोरू नये म्हणून.

"आन शटर?"

"शटर न्हाई अब्बा. ते दुकान कधी बंदच होत न्हाई."

"पडदा?" हे फरजानानं विचारलं, आतून.

उज्मा हसली. "पडदा कशाला लागतोय अम्मी? दुकान हाय ते!"

झालं! फरजानाच्या डोक्यात तेवढंच राहिलं. पडदा नाही म्हणजे मागची बाजू नाही. मागची बाजू नाही म्हणजे मग आपण बसायचं कुठं? पुढंच की! तिला हसू आलं. तिला त्या दुकानात पुढं बसायचं होतं. एवढंच पाहिजे होतं तिला, दुसरं काही नाही. गादीवर हात फिरवणाऱ्याला कळावं की ही हिनं केली. इतक्या वर्षांत ही इच्छा तिनं कधी तोंडातून काढली नव्हती, आणि आता ती काही केल्या आत राहीना.

त्या दुपारी ती गादीवर पडली आणि थेट त्या दुकानात गेली. तिथं भिंती नव्हत्या. पानं म्हणजे वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी होत्या, एक बाजूला सारली की दुसरी. खाली सगळा कापूस, म्हणून येणाऱ्यांची पावलं वाजत नव्हती. तलवाड्याची माणसं आली, केजची आली, कुठकुठली आली, आणि सगळी खाली बसून गाद्यांवर हात फिरवत राहिली. फरजाना एकेका चादरीमागं स्वतःला शोधत हिंडली. कुठंच सापडली नाही. जागी झाली तेव्हा गाल ओला होता.

नावाचंच पहिलं घोडं अडलं. हबीबभाईंना आपलं नाव पाहिजे होतं, तर ते आधीच कुणीतरी घेऊन बसलेलं. कोण कुठला हबीब! आपल्या नावाची पाटी परक्याच्या दारावर बघून ते दिवसभर खट्टू होते. शेवटी 'चौसाळा गादी' मिळालं. गाळ्याचे मालक मोहनराव तेव्हा चहाला बसलेले. ते म्हणाले, "काय बे हबीब, हवेत गाळा घेतला म्हणं! तिथला मालक कोण?"

"त्याचं तोंड दिसत न्हाई, हाच मोठा फायदा हाय," हबीबभाई म्हणाले. मोहनराव इतके हसले की चहा सांडला.

मग फोटोंचा दिवस. उज्मानं गाद्या उन्हात मांडून फोटो काढले, पण ते मुके दिसायला लागले. "कुणीतरी वर झोपलेलं पायजे," ती म्हणाली. फरजाना ताबडतोब पुढं झाली.

"न्हाई," हबीबभाई म्हणाले. "आपल्या घरची बाई मोबाइलमधी झोपलेली दिसणार? जमायचं न्हाई." आणि स्वतःच टोपी सावरून आडवे झाले. उज्मा उजेड बघेपर्यंत, मोबाइल तिरका करेपर्यंत, हबीबभाई गाढ झोपले. घोरायलाच लागले. तोंड अर्धं उघडं, एक हात छातीवर, चेहरा अगदी लेकरासारखा. उज्मानं तोच फोटो दर्शनी पानावर लावला. फरजाना त्या फोटोकडं कितीतरी वेळ बघत राहिली. ज्या गादीवर ते पसरलेले होते, तिचा टाका नि टाका तिला ओळखू येत होता.

राहिलं 'आमच्याविषयी'चं पान. हबीबभाई खुर्चीत रेलून सांगायला लागले. आजोबा कापूस पिंजायची धुनकी खांद्यावर घेऊन गावोगाव फिरायचे, वालिदनी, म्हणजे वडलांनी, यंत्र आणलं, मग मी. उज्मा लिहीत गेली. "आन?" तिनं विचारलं.

"आन काय? मी."

फरजाना पडदा सारून बाहेर आली. "माझं पन लिही ना," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता तेवढा मोठा निघाला नाही.

हबीबभाई रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. माशी उडवावी तसा त्यांनी हात हलवला. "घरच्या बायांची नावं बाजारात कशाला मांडायची?"

"गादी बाजारात जाती तवा चालतं, नाव गेलं की झोंबतं का?"

उज्मानं लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. "मग मी हे पान लिहीतच न्हाई," ती म्हणाली. "अर्धं खरं लिहायला मी न्हाई शिकले."

"ऱ्हाऊ दे कोरं," हबीबभाई म्हणाले. "गिऱ्हाईक गादी बघतंय, पान न्हाई."

तसंच दुकान उघडलं. नाव होतं, जागा होती, फोटो होते, कुलूप होतं, फोन नंबर होता, आणि मधी एक कोरं पान. फरजाना कुणाशी बोलेना. दुपारी गादीवर पडली तरी डोळा लागेना, आणि लागलाच तर काहीच दिसेना, नुसता पांढरा रंग. आपण उगाच मागितलं, असं तिला वाटायला लागलं. मागितलं नसतं तर निदान आशा तरी राहिली असती.

मग एका सकाळी फोन वाजला. हबीबभाईंना कमी ऐकू येतं म्हणून ते फोनचा आवाज मोठा करूनच बोलतात, त्यामुळं पडद्यामागं सगळं स्पष्ट येत होतं.

"चौसाळा गादीवाले का? मी शिवकन्या बोलते, युसूफ वडगावहून. तुमचं दुकान बघितलं मोबाइलवर. ते झोपलेले हायत, ते..."

"मीच त्यो."

पलीकडची बाई खळखळून हसली. "काय झोपलाव हो तुमी! बघूनच मला जांभई आली. आमच्या सासूबाईंना झोप कशी ती ठाऊकच न्हाई बघा. कूस बदलत रात काढत्यात, आन सकाळी म्हणत्यात, झोपले व्हते गं. लई जीव तुटतो. मला अशीच गादी पायजे, ह्याच हाताची. म्हणून ते 'आमच्याविषयी' दाबलं, तर पान कोरं! म्हणलं इचारूनच घ्यावं. गादी भरतं कोण तुमच्यात?"

आत फरजानाचा हात थांबला. दाभण अर्धी गादीत, अर्धी बाहेर. तिला माहीत होतं काय येणार ते. 'दुवा हाय तुमची', हेच येणार. तिनं डोळे मिटून घेतले.

बाहेर खुर्ची करकरली. "हॅलो?" शिवकन्या म्हणाली.

हबीबभाईंनी घसा खाकरला. "बाई," ते म्हणाले, "मी तर तिथं नुसता झोपलोय. भरणारी दुसरी हाय. थांबा, देतो तिला."

पडदा सरकला. हबीबभाई गोड बोलणाऱ्यातले नव्हेत, तेव्हाही बोलले नाहीत. केसांत कापूस, बोटाला दोरा गुंडाळलेला, अशी बायको समोर उभी राहिली, तर फोन पुढं करून एवढंच म्हणाले, "ये. हितं बस." आणि स्वतः खुर्चीवरून बाजूला झाले.

फरजाना बसली. समोर रस्ता होता, गाड्या जात होत्या. तिनं फोन तोंडाजवळ धरला.

"हॅलो," ती म्हणाली. "मी फरजाना. गादी मीच भरते. सासूबाई कोणत्या कुशीवर झोपत्यात, ताई?"